खानावळवाल्या म्हाताऱ्याचं तिसरं पर्व

आमच्या घरात संध्याकाळचे आठ म्हणजे उपासना. एक गीत, शास्त्रातला एक उतारा, मग ज्याने त्याने आपलं मागणं मोठ्याने मागायचं आणि बाकीच्यांनी त्यावर आमेन म्हणायचं. पप्पा मिशनच्या शाळेत मास्तर होते, चर्चमध्ये पंचही होते, त्यामुळे या वेळेत पाहुणा टपकला तरी त्याच्या हातात चहाच्या आधी गीतांचं पुस्तक पडायचं. अशा घरात माझ्या आईने एका विनोदी मालिकेसाठी गीताची कडवी गाळली, हे कुणी मला शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं. पण मी शेजारीच बसले होते.

पप्पांना जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. मी संगमनेरला हायस्कूलवर होते. आई एकटी म्हणून बदली मागून नगरला आले. ना नवरा, ना पोर, मला अडवणारं होतं कोण? आले तर घरात नुसती शांतता. आई रडत नव्हती. दफनाच्या दिवशीसुद्धा रडली नव्हती. मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले लोक म्हणाले, काय बाईचा विश्वास, किती खंबीर. मला ते तेव्हाही खरं वाटलं नव्हतं. कारण ती रडत नव्हती तशी हसतही नव्हती. भाकऱ्या थापायच्या, भांडी घासायची, आठला उपासना, नऊला अंथरूण. दिवसभर वर्गावर ओरडून मी घरी यायचे आणि स्वतःचाच आवाज मला नकोसा व्हायचा.

मग ती मालिका लागली. सोमवार ते गुरुवार, रात्री साडेआठ. एका तालुक्याच्या गावातली खानावळ, तिचा म्हातारा मालक, त्याचा उडाणटप्पू मुलगा, हिशेबी सून आणि महिन्याच्या बोलीवर जेवणारे मेंबर. गोष्ट अशी काही नव्हतीच. गंमत सगळी त्या म्हाताऱ्यात होती. त्याला काही विचारलं की तो पट्कन उत्तर द्यायचा नाही. विचारात पडायचा. पहिल्याच भागात एक मेंबर त्याला विचारतो, मालक, आमटीत मीठ कमी वाटतं का हो? म्हातारा एक घोट घेतो, वर आढ्याकडे बघतो, मान जरा वाकडी करतो. तोवर मेंबर जेवतो, हात धुतो, बडीशेप खातो, चपला घालून निघूनही जातो. आणि मग म्हातारा त्या रिकाम्या ताटाला सांगतो, थोडंसं.

आईच्या तोंडून आवाज आला. मला वाटलं ठसका लागला. पाणी आणायला उठले, तर ती पदराने डोळे पुसत हसत होती. "ह्यांच्यावानीच हाय की गं मेला," ती म्हणाली.

खरंच होतं ते. आमचे पप्पा अगदी अस्से. सकाळी विचारावं, चहा ठेवू का, आणि होकार यावा तो अंघोळ उरकल्यावर. मला बघायला एक स्थळ आलं होतं, मुलगा बँकेत, माणसं सज्जन. त्यांनी विचारलं, मग मास्तर, काय विचार तुमचा? मास्तर विचार करायला बसले. पोहे संपले, चहा संपला, माणसं अवघडून उठली, फाटकाबाहेर गेली. रिक्षा वळल्यावर पप्पा म्हणाले, मुलगा बरा वाटतो. तोवर त्याचं दुसरीकडे जमलंसुद्धा. आई हे उभ्या नगरला सांगत सुटायची, आणि पप्पा त्यावरही काय बोलावं याचा विचार करत बसायचे.

हे सगळं त्या मालिकेने परत आणलं. साडेनऊपर्यंत आम्ही बसून राहायचो. भाग संपला की आईला काहीतरी आठवायचं. लग्नात चर्चच्या पाळकांनी विचारलं, या स्त्रीचा स्वीकार करतोस का, तर पप्पांनी इतका वेळ लावला की आईच्या वडिलांना घाम फुटला. श्रीगोंद्याकडून आलेलं वऱ्हाड कुजबुजायला लागलं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. पप्पा गेल्यापासून त्यांचा विषय निघाला की आई उठून ओट्याशी जायची, आणि आता एका खानावळवाल्याच्या कृपेने ती मला माझ्या बापाच्या गोष्टी सांगत होती. गीताची कडवी तेव्हाच कमी झाली. साडेआठचं सुरुवातीचं संगीत चुकायला नको म्हणून. मी ते चालवून घेतलं. देवाला चार ओळी कमी पडल्या असतील, माझ्या घरात माणूस हसायला लागलं होतं.

एक मात्र मला कळत होतं. आईच्या या सगळ्या गोष्टी पप्पांच्या आजारपणाच्या अलीकडे येत नसत. जायच्या दोन वर्षं आधी त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. हात-पाय बऱ्यापैकी सुटले, पण चिडचिडे झालेत, असं आई मला फोनवर सांगायची. मी रविवारी यायचे तेव्हा ते बहुतेक झोपलेले असत. त्या दोन वर्षांबद्दल आई अवाक्षर काढत नव्हती आणि मीही विचारत नव्हते.

पहिलं पर्व झालं, दुसरं झालं. दोन्ही उत्तम. तिसरं सुरू होणार म्हणून आईने उपासनेआधीच जेवणं उरकून घेतली. आणि पहिल्याच भागात तो म्हातारा डोळ्यांना गॉगल लावून मोटारसायकलवरून आला.

मेल्यांनी काय केलं असावं त्याचं! कुणाच्या डोक्यातून निघालं कोण जाणे, पण म्हाताऱ्याला म्हणे लॉटरी लागली. तो ओरडायला लागला. विचार नाही, थांबणं नाही, कुणी तोंड उघडायच्या आत याचं उत्तर तयार. सुनेला टोमणे, मेंबरांना शिव्या, मुलाच्या पाठीत लाथ. प्रत्येक लाथेला मागून ढोलकी आणि न दिसणाऱ्या माणसांचं खदाखदा हसणं. आधी हे हसणं नव्हतंच, आम्हीच हसायचो. पुढे खानावळीत भूत आलं. मग कुठल्यातरी सिनेमाची जाहिरात करायला एक नट जेवायला आला आणि जेवता जेवता नाचला. मग म्हाताऱ्याला लुगडं नेसवलं. वेळ तीच, खानावळ तीच, म्हातारा तोच, तोंडावरची सुरकुतीही तीच. फक्त आत कुणी दुसराच माणूस बसला होता. माझं तर टाळकं सरकायचं. मी बडबडायचे, यांना लिहायला येत नसेल तर दुकान बंद करा म्हणावं, आणि रिमोट शोधायचे.

आई रिमोट देत नव्हती. हसत नव्हती, बोलत नव्हती, गोष्टी तर पारच बंद. पण बसायची. आजाऱ्याच्या उशाशी बसावं तशी, हात मांडीवर, नजर समोर. मी म्हणायचे, आई, नको ना बघूस, जीवाला त्रास. तर म्हणायची, "असा टाकून देयाचा का मानूस?" मी कपाळाला हात लावायचे.

आणि एके संध्याकाळी उपासनेत, पाऊसपाणी, शाळेची लेकरं, मंडळीतले आजारी असं सगळं मागून झाल्यावर तिने मागितलं की, प्रभू, त्या खानावळीतल्या मानसाला त्याचा पहिला सोभाव परत दे. मला हसू आवरेना. डोळे मिटलेले होते म्हणून निभावलं. मी आमेन म्हटलं, थोडं थट्टेनेच. पण दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच.

थोड्या दिवसांनी बाजारात पाळकबाई, आमच्या पाळकांच्या पत्नी, भेटल्या. मेथीची जुडी हातात धरून त्यांनी मला विचारलं, तुमच्या ओळखीतल्या त्या काकांना काही फरक आहे का? मी म्हटलं, कुठले काका? त्या म्हणाल्या, खानावळ चालवणारे. मंडळीतल्या बायकांची दर बुधवारी दुपारी प्रार्थनासभा असते. तिथे प्रत्येकीने आपली विनंती सांगायची आणि मग सगळ्यांनी मिळून त्यासाठी देवाला गळ घालायची, अशी रीत. आईने तिथे त्या म्हाताऱ्याचं नाव घातलं होतं. नाव म्हणजे काय, वळखीतला एक वयस्कर मानूस, लई शांत हुता, आता वरडतो, शिव्या देतो, मारतोसुदीक, असं. आणि अख्खी सभा दीड महिना त्याच्यासाठी प्रार्थना करत होती. एका बाईने म्हणे त्याच्यासाठी उपासही धरला होता.

घरी येऊन आईला झापलं. ती शांतपणे शेंगा सोलत राहिली. म्हणाली, मी खोटं काय बोलले? खानावळ चालवतो म्हनले, चालवतोच की.

आता हे इथेच मिटलं असतं. पण आमच्या बायका नुसती प्रार्थना करून थांबणाऱ्या नाहीत. ज्याच्यासाठी मागायचं त्याला भेटायला जायचं, डबा न्यायचा, डोक्यावर हात ठेवून दोन शब्द बोलायचे, हेही रीतीतच बसतं. त्यांनी आईकडे पत्ता मागितला. आईने लांब आहे, मुंबईकडं, असं सांगून वेळ मारून नेली. तर एकीचा मुलगा मुंबईतच नोकरीला निघाला. तो जाऊन भेटेल म्हणाली. आईने पुन्हा काहीतरी सारवासारव केली. शेवटी एका सोमवारी संध्याकाळी त्या पाचसहा जणी पाळकबाईंना पुढे घालून आमच्याच दारात उभ्या राहिल्या. मुंबईला जाणाऱ्यासोबत द्यायला डिंकाचे लाडू घेऊन. पत्ता घेतल्याशिवाय हलायचं नाही, असा त्यांचा बेत दिसत होता.

उपासना सगळ्यांची मिळून झाली. खोली भरून गीत म्हटलं गेलं, पप्पा असताना व्हायचं तसं. मग पाळकबाई प्रेमाने म्हणाल्या, मावशी, आता लाजू नका, सांगा, कुठे असतात ते? आईने घड्याळाकडे पाहिलं. उठली, टीव्ही लावला आणि जागेवर येऊन बसली. म्हातारा परकर खोचून मेंबरांच्या मागे झाडू घेऊन पळत होता. मागून ते खदाखदा हसणं. आईने बोट दाखवलं.

"ह्यो," ती म्हणाली.

कुणाला काही कळेना. मग कळलं. सगळ्यांत तरुण होती तिने तोंडात पदर कोंबला, पण आवाज फुटलाच. एक जण माझ्याकडे असं बघायला लागली, की म्हातारीला डॉक्टरकडे कधी नेणार? आणि ज्या बाईने उपास धरला होता, पप्पांच्या शाळेतल्याच जुन्या बाई त्या, त्या उठून उभ्या राहिल्या. देवाच्या पुढे नाटक करता का, एवढंच म्हणाल्या आणि चपला घालायला गेल्या. पाळकबाईंनी आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. शेवटची प्रार्थना न करता त्या सगळ्या निघून गेल्या. लाडूंचा डबा तेवढा टेबलावर राहिला.

मी टीव्ही बंद केला. आयुष्यभराची अब्रू पप्पांनी या मंडळीत कमावलेली, आणि आपण तिचं हसं करून घेतलं, असं मी बोलले. खूप बोलले. आईने बोलू दिलं. मग म्हणाली, "अब्रूच राखत हुते मी. दोन वर्सं."

आणि मग तिने सांगितलं. झटक्यानंतर पप्पा चिडचिडे नव्हते झाले, दुसरेच झाले होते. विचार करून बोलणारा तो माणूस, त्याच्या तोंडून अशा शिव्या बाहेर पडायच्या की त्या त्यांना येत होत्या हेच आईला माहीत नव्हतं. ताट फेकायचे. तिला ओळखायचे, नाव घेऊन ओळखायचे, आणि मारायचे. एकदा तिचं मनगट पिरगळलं. मला ते न्हाणीत घसरून पडल्याचं सांगितलं होतं. बायका डबा घेऊन भेटायला यायच्या, त्यांना ती दारातूनच परतवायची, झोपलेत म्हणून. लोक तिला गर्विष्ठ म्हणायला लागले. म्हणू देत, म्हणाली. त्यातल्या निम्म्या पप्पांच्या हाताखाली शिकलेल्या. त्यांच्या कानावर त्या शिव्या पडायला नको होत्या.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? मी दर रविवारी येत होते की. ती म्हणाली, "तू येयाच्या आदी गोळी देयाचे मी त्यांना. झोपंची. तुझा बाप तुला हाय तसा ऱ्हावा म्हनून."

प्रत्येक रविवारी मी त्यांच्या पायाशी बसून गेले होते. किती शांत झोपलेत, असं वाटायचं मला.

तेव्हा बुधवारच्या सभेत एकदा तरी तोंड उघडायचं होतं, मी म्हटलं. नावाशिवाय सांगायचं. कुणाला कळलं असतं? आई म्हणाली, तेच खातंय मला. सगळ्यांसाठी मागितलं, कुणाच्या गुडघ्यासाठी, कुणाच्या सुनेसाठी. ह्यांच्यासाठी तेवढं लाजेनं मागितलं नाही. घरातसुद्धा मोठ्यानं मागता आलं नाही, ते समोरच असायचे. आणि गेले तेव्हा तिला पहिलं काय वाटलं, तर सुटले एकदाची. रडूच आलं नाही. "आता तर मागताबी येत न्हाई," ती म्हणाली. "ह्यो टीव्हीतला म्हातारा जित्ता तरी हाय."

हे परक्याला सांगितल्याशिवाय कळायचं नाही. आमच्यात मेलेल्या माणसासाठी प्रार्थना करत नाहीत. माणूस जिवंत आहे तोवर मागा, रडा, देवाशी भांडा. त्याने डोळे मिटले की तो देवाच्या हाती गेला, मग आपण मध्ये बोलायचं नाही. आठवण काढायची, उपकार मानायचे, पण मागायचं काही नाही. पप्पांनी स्वतः रविवारच्या शाळेत मला हे शिकवलं होतं, त्यांच्या त्या सावकाश पद्धतीने, खडू हातात धरून. आई त्या शिकवणुकीबाहेर एक पाऊल टाकणारी बाई नव्हती. म्हणून तिने तो म्हातारा धरला होता.

त्यानंतर ती बुधवारी गेली नाही. मंडळीत हसण्यावारी गेलं सगळं, एकदोघींनी मला येऊन सांगितलं की मावशींना म्हणावं या, आम्ही काही मनात ठेवलं नाही. आई नाही गेली. साडेआठला मात्र बसायची आणि आता मीही तिच्याशेजारी बसायला लागले. शिव्या द्यायची माझी हिंमत राहिली नव्हती. तो लुगड्यातला म्हातारा पडद्यावर तडातडा बोलायचा आणि मला त्यात दुसराच माणूस दिसायचा. आईला तो पहिल्या दिवसापासून दिसत असणार.

मालिका बंद पडली. कुणी बघतच नव्हतं म्हणे. धड शेवटही केला नाही. एका गुरुवारी म्हातारा डोक्यावर पातेलं घेऊन नाचत होता, तसाच तो थिजला, वर नावं आली आणि पुढच्या सोमवारपासून याच वेळी गाण्याची स्पर्धा, असं सांगून झालं. आईने मला विचारलं, संपलं? मी म्हटलं, संपलं. सुधरला न्हाई, ती म्हणाली आणि पाणी प्यायला गेली.

दुसऱ्या दिवशी आठला आम्ही दोघी बसलो. गीत झालं. उतारा मी वाचला. आईने मागायला सुरुवात केली, पाऊसपाणी, शाळेची लेकरं, मंडळीतले आजारी. आणि मग थांबली. रोजच्या सवयीने पुढच्या मागण्यासाठी तिने श्वास घेतला होता, तो तसाच राहिला. मी डोळे उघडून पाहिलं. तिचे ओठ हलत होते, पण नाव घ्यायला आता कुणीच नव्हतं.

मला ते बघवलं नाही. मी डोळे मिटले आणि म्हटलं, "प्रभू, माझ्या पप्पांना त्यांचा पहिला स्वभाव परत दे."

यावर आमेन म्हणायचं ते आईने. ती म्हणाली नाही. मला वाटलं, आता रागावेल, असं मागतात का म्हणेल, तुझ्या बापानं हेच शिकवलं का म्हणेल. पण ती रडायला लागली. पदर तोंडात धरून, अंग गदगदत, दफनाच्या दिवशी जे बघायला सगळी मंडळी थांबली होती तसं. मी तिचा हात धरायला गेले तर तिनेच माझं मनगट घट्ट धरलं.

"हळू माग," ती म्हणाली. "ऐकलं कोनी तर."

मी परत मागितलं, हळू.